न मागितलेली फी

पोहरादेवीच्या टापूत एका तांड्यावर दोन भाऊ राहत होते. थोरल्याला एक मुलगी, धाकट्याला एक मुलगा. दोघांत मिळून चार एकर कोरडवाहू, त्यात सोयाबीन आणि मधूनमधून तुरीची तासं. त्यांची नावं सांगत नाही. अशी घरं मानोरा, दिग्रस, पुसदच्या बाजूला इतकी आहेत की एकाचं नाव घेतलं तर शेजारचा म्हणेल, गोष्ट तर माझी आहे.

कामासाठी घर सोडणं तांड्याला नवं नाही. बैलांच्या पाठीवर धान्य नि मीठ लादून बंजारा समाज मुलूखभर फिरायचा, त्या लदेणीवरच पिढ्यान्‌पिढ्या जगायचा. रेल्वे आली, मिठावर इंग्रजांचा ताबा बसला आणि लदेणी मोडली. १८७१ च्या कायद्याने फिरत्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्काही मारला. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, तेव्हापासून ही माणसं सरकारदरबारी ‘विमुक्त’. पोटाची पायपीट मात्र सुटली नाही. कोणी ऊसतोडीला जातो, कोणी पुण्या-मुंबईच्या बांधकामावर. रामनवमीला मात्र सगळे पोहरादेवीत, जगदंबेच्या नि सेवालाल महाराजांच्या पायाशी जमतात. दोघं भाऊही लहानपणापासून कधी ती यात्रा चुकवत नसत.

थोरला समृद्धी महामार्गाच्या कामावर पोकलेन चालवायला शिकला. हात चांगला बसला. पण ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी रस्ता खुला झाला आणि आपल्या भागातलं काम सरलं. इथेच दुसऱ्या मशीनवर महिन्याला वीस-बावीस हजार मिळाले असते. तेवढ्यात कोणीतरी सांगितलं, सौदीत पोकलेनवाल्याला अठराशे रियाल देतात. रुपयांत चाळीस हजारांच्या वर. मुलगी अकरावीला होती, वर्गात पहिली यायची. थोरल्याने ठरवलं, जायचं.

तो दहावी नापास. म्हणजे पासपोर्टावर ईसीआरचा शिक्का, आणि आखाती देशात जायचं तर सरकारची वेगळी परवानगी. ही तरतूद चांगली आहे, कारण त्यात दहा लाखांचा विमा सक्तीचा असतो आणि भरती करणाऱ्या एजंटाला तीस हजार नि त्यावरचा जीएसटी याहून जास्त घेता येत नाही. पण हे थोरल्याला कोण सांगणार? त्याच्याकडून एक लाख वीस हजार घेतले गेले. गावातल्या सावकाराकडून ते व्याजाने उचलले आणि तो रियाधला पोहोचला.

तिथलं काम वाईट नव्हतं. उन्हाळ्यात, १५ जून ते १५ सप्टेंबर, दुपारी बारा ते तीन उघड्यावर काम घ्यायला तिथे बंदी आहे. म्हणून कंपनी रात्रपाळी लावायची, आणि रात्रपाळीचा ओव्हरटाइम वेगळा. खोलीत आठ जण. कोणी केरळचा, कोणी तेलंगणातला, दोघे बिहारचे. शुक्रवारी सुट्टी. त्या दिवशी भात शिजायचा नि बोलणं निघायचं, ते पोरांच्या शिक्षणाचं. एकाने मुलाला बंगळूरला नर्सिंगला घातलेलं, चार लाख भरून. दुसऱ्याने सहा लाख मोजून इंजिनिअरिंगची सीट घेतलेली. आकडा जितका मोठा, तितका बाप मोठा. परदेशी कमावणाऱ्या माणसाचं मला नेहमी हेच वाटतं: पोरांजवळ तो बसू शकत नाही, त्यांची वही चाळू शकत नाही, मग माया मोजायला त्याच्या हातात रुपयाच उरतो. थोरल्यानेही मनाशी आकडा धरला, सहा लाख. पहिल्या काही महिन्यांत सावकार फेडला, आणि पुढच्या महिन्यापासून घरखर्चाखेरीज वीस हजार रुपये मुलीच्या खात्यावर टाकायला लागला. पाठवताना दर वेळी इमो ॲपवर सांगायचा, “ही फी. याला हात लावायचा नाही.”

मुलीला शेतीचं शिकायचं होतं. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात बी.एस्सी. ॲग्री. यामागे तिच्या शाळेतल्या एका भिंतीवरचा वसंतराव नाईकांचा फोटो होता. गहुलीच्या तांड्यातला मुलगा, नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकून वकील झाला, १९६३ ते १९७५ राज्याचा मुख्यमंत्री राहिला आणि त्याच्या कारकिर्दीत राहुरी, अकोला, परभणी, दापोली ही चारही कृषी विद्यापीठं उभी राहिली, हे मास्तरांनी वर्गात सांगितलेलं तिच्या डोक्यात बसलं होतं. गहुली काही लांब नाही, असं ती म्हणायची.

आता धाकट्याची गोष्ट. त्याच्याजवळ पैसा नव्हता, दिवस होते. पुतणी अकरावीला असताना कॉलेजच्या बाईंनी त्याला विचारलं, “काका, व्हॅलिडिटी आहे का?” त्याने शब्द ऐकला होता, कागद पाहिला नव्हता. बाईंनी समजावलं. बंजारा म्हणजे विमुक्त जाती, अ प्रवर्ग. राखीव जागेवर प्रवेश हवा असेल तर जातीचा दाखला पुरत नाही, जिल्हा समितीचं जात पडताळणी प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा, जातीची नोंद असलेला पुरावा हवा. आणि प्रवेश कॅप फेरीतून, म्हणजे सरकारी यादीतून झाला, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलं, तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क सरकार भरतं.

“सगळं?” धाकट्याने विचारलं.

“सगळं. फक्त मॅनेजमेंट कोट्यातून गेलात तर एक पैसा नाही.”

धाकट्याने हे वाक्य घरी येईपर्यंत पाठ केलं. मग शोध सुरू झाला. १९६१ च्या आधी त्यांचा आजा बैल हाकत होता, त्याला शाळा कुठली. बाप शाळेत गेला होता खरा, पण तांडा तेव्हा दुसरीकडे होता, आणि तांडा हलला की शाळाही बदलायची. पहिल्या शाळेत दाखल-खारीज रजिस्टर वाळवीने खाल्लेलं. दुसऱ्या शाळेत बापाचं नाव सापडलं, पण जातीच्या रकान्यात तेव्हाच्या गुरुजींनी ‘वंजारी’ लिहून ठेवलेलं. वंजारी ही वेगळी जात, तिचा प्रवर्गही वेगळा. त्या एका रकान्यापायी धाकट्याच्या पोटात गोळा आला.

तो तांड्याच्या नायकाकडे गेला. नायक म्हातारा, पण सोयरीक-भावकी तोंडपाठ. त्याने आठवून सांगितलं, “तुझ्या बाचा सख्खा भाऊ मामाकडे वाढला. दिग्रसकडच्या शाळेत दोन वर्षं बसला होता. तिथे जा.” वडिलांकडच्या रक्तनात्यातल्या कोणाचाही जुना पुरावा चालतो. धाकटा गेला. हेडमास्तर भले होते, त्यांनी अडगळीतली पेटी उघडून दिली. १९५७ सालचं पान. नाव, आजाचं नाव, आणि जात: लमाण. तो शब्द यादीत बसतो. धाकट्याने त्या पानाची साक्षांकित प्रत घेतली, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र केलं, आणि अर्ज वाशीमला गेला. दोन नोंदी दोन तऱ्हेच्या, म्हणून चौकशीला दक्षता पथकाचा माणूस तांड्यावर आला. घरातल्या म्हातारीने त्याच्याशी गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत, बोलायला सुरुवात केली ती थांबेचना. लग्नातले विधी, देवीचा भोग, माहेरचं गोत, सगळं. त्या माणसाने हसून वही मिटली. प्रमाणपत्र हातात आलं तेव्हा पुतणी बारावीत होती. या धावपळीत धाकट्याची एका हंगामाची पेरणी उशिरा झाली आणि सोयाबीन निम्म्यावर आलं.

इकडे थोरल्याचा फोन यायचा. दोघं बोलायचे अर्थातच गोरमाटीत. इथे मराठीत सांगतो.

“सीट बघितली का? एक एजंट आहे, आपल्याच भागातला. एक लाख बुकिंग मागतो.”

“भिया, थांब. यादी लागू दे.”

“यादीच्या भरवशावर पोरगी ठेवू? तू गरिबासारखा कागदांमागे फिरतोस. मी इथे कशासाठी आलोय?”

धाकटा गप्प बसायचा. वादात तो कच्चा होता. पण पासबुक त्याच्याकडे होतं आणि तो बुकिंगचे पैसे काढून देईना. भावाच्या पैशावर भावाचंच ऐकायचं नाही, हे सोपं नसतं. दोन महिने दोघांत फक्त पिकापाण्याचं बोलणं झालं.

एक प्रसंग मात्र सांगायलाच हवा. उत्पन्नाचा दाखला काढायला धाकटा सेतू केंद्रात गेला. टेबलावरचा पोरगा म्हणाला, “काका, भाऊ सौदीत आहे हे लिहू नका. कोणाला कळणार? शेतीचे साठ हजार लिहा, झालं.” मागे रांगेतल्या दोघांनी माना डोलावल्या. धाकट्याने विचारलं, “खरं लिहिलं तर किती होतं?” हिशेब केला. सौदीचा पगार वर्षाला पाच लाखांच्या आत, शेतीचं थोडं, सगळं मिळून साडेपाच लाखांच्या घरात. “मग आठ लाखांच्या खालीच आहे की. लिही सगळं.” रांगेतला एक जण मोठ्याने हसला. तलाठ्याने वेतनाचा कागद मागितला, तो रियाधहून फोनवर आला, त्याची प्रिंट जोडली. कामाला चार दिवस जास्त लागले, एवढंच. खोटं बोलण्याआधी खऱ्याचा आकडा करून पाहावा, ही साधी गोष्ट त्या रांगेत कोणाला सुचली नव्हती.

मुलीला सीईटीला चांगले गुण पडले. दुसऱ्या फेरीत अकोल्याला नंबर लागला. थोरल्याला फोनवर सांगितलं, “फी माफ झाली.” त्याला ते पटलं नाही. माणसं शिक्षणासाठी लाखो मोजतात नि आपल्या पोरीला फुकट? त्याला वाटलं, धाकट्याने परस्पर कर्ज काढलं असणार आणि आपल्याला कळू देत नसणार. तो आणखी रात्रपाळ्या घ्यायला लागला. वीस हजार येत राहिले.

कोणी म्हणेल, मग बापाच्या पैशाचं कामच नव्हतं. तसं नाही. वसतिगृह, मेस, पुस्तकं, प्रात्यक्षिकांची वही-साहित्य, मानोऱ्याहून अकोल्याची जा-ये, हे सरकार भरत नाही. शुल्काचा परतावाही महाडीबीटीवर उशिरा येतो. पहिल्या वर्षी साठ हजार असे गेले, आणि ते त्याच खात्यातून गेले. ते नसते तर प्रवेश मिळूनही पोरगी घरी बसली असती. विमुक्तांनाच ही सवलत आहे असंही कोणी समजू नये. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिक दुर्बल, मराठा आरक्षणातल्या आणि ओबीसी घरांतल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींचंही व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शुल्क पूर्ण माफ झालं आहे. किती बापांना ठाऊक आहे, देव जाणे.

दोन वर्षांचा करार संपला आणि थोरला सुट्टीवर आला. रामनवमीची यात्रा भरली होती. नंगाऱ्याच्या आकाराचं ते नवं संग्रहालय, ज्याचं उद्‌घाटन ५ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते झालं, ते त्याने पहिल्यांदा पाहिलं. भोग लागला, अरदास झाली. मग घरची सगळी सावलीला बसली. नायकही होता. थोरल्याने खिशातून कागद काढला.

“नायक, कंपनी तीन वर्षांचा करार द्यायला तयार आहे. पोरीची तीन वर्षं राहिलीत, तेवढी फी निघून जाईल. सही करून परत पाठवायचाय.”

मुलीने पिशवीतून पासबुक काढून त्याच्यासमोर ठेवलं. सतरा महिने वीस हजार, तीन लाख चाळीस हजार. त्यातून साठ हजार गेलेले. शिल्लक दोन लाख ऐंशी हजार.

“हे काय?”

“तुझी फी, बा. कोणी मागितलीच नाही.”

थोरला बराच वेळ आकड्याकडे बघत राहिला. मग भावाकडे वळला. “तू खरंच कर्ज नाही काढलंस?”

“सांगत होतो की,” धाकटा म्हणाला.

नायकाने पासबुक हातात घेतलं. त्याला वाचता येत नव्हतं, पण हिशेब येत होता. “तिकडे तुला किती मिळतात?” “चाळीस.” “इकडे मशीनवर?” “वीस-बावीस.” “म्हणजे जास्तीचे वीस. ते कुठे गेले?” थोरल्याने पासबुकाकडे बोट केलं. नायक म्हणाला, “बरं. म्हणजे घर तू इथे राहूनही चालवलं असतंस. घर सोडलंस ते या वीस हजारांसाठी, आणि ते तर इथेच पडून आहेत. भल्या माणसा, माल उचलण्याआधी भाव विचारावा की नाही? आपल्या बापजाद्यांनी लदेणी केली, पण गिऱ्हाइकाने न मागितलेलं मीठ कोणी कोसभरही वाहून नेलं नाही.”

थोरला म्हणाला, “मला वाटलं, बापाने भरायची असते.”

“भरायची असतेच. पण आधी विचारायची, किती नि कशाची. तुझ्या भावाने तेवढंच केलं.” मग नायकाने आवाज उतरवला. “त्याचं सोयाबीन गेलं, ते कोणत्या खात्यात लिहिलंस?”

यावर थोरल्याने लगेच पैसे मोजायची भाषा केली. किती दिवस मोडले ते सांग, हजेरी देतो. धाकट्याचा चेहरा उतरला. तो उठून पाणी आणायला गेला. मला विचाराल तर या सगळ्या गोष्टीत थोरल्याची खरी चूक ही एवढीच; बाकी त्याचं अज्ञान होतं आणि अज्ञानाला शिक्षा नसते. सगळ्याची किंमत रुपयांत देता येते ही सवय त्याला त्या खोलीतल्या शुक्रवारांनी लावली होती.

मुलगीच बोलली. “बा, काकाला पैसे नको देऊस. त्याने जे केलं ते तू कर. त्याच्या पोराचा पडताळणीचा अर्ज भरायचाय.” आणि पासबुक उचलून म्हणाली, “आणि याचे महिने कर. वीसने भाग. चौदा महिने निघतात. तेवढं तू घरी राहून इथल्या पगारावर काम केलंस तरी कोणाला काही कमी पडत नाही. पुढचं पुढे बघू. मेसला मी कमवा-शिका घेते.”

तिच्या याडीने, म्हणजे आईने, एवढा वेळ तोंड उघडलं नव्हतं. ती म्हणाली, “चौदा महिन्यांत या घराचं छप्परही होईल. माणूस असला तर.”

थोरल्याने करारावर सही केली नाही. तो आता जिल्ह्यातच रस्त्यांच्या कामावर पोकलेन चालवतो, बावीस हजारांवर. पैशाची ओढाताण आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. गेल्या दिवाळीला त्याने घरात कोणाला नवे कपडे घेतले नाहीत. मुलगी अकोल्याला शिकते आहे. धाकट्याचा मुलगा अकरावीला आहे आणि त्याचा पडताळणीचा अर्ज कॉलेजमार्फत भरून झाला आहे. या वेळी जुनी रजिस्टरं शोधावी लागली नाहीत, कारण रक्तनात्यातल्या बहिणीचं प्रमाणपत्र पुरावा म्हणून जोडता आलं. कागदांच्या प्रती काढायला, तहसीलला आणि वाशीमच्या कार्यालयात रांगेला थोरला गेला होता, कामावरची हजेरी बुडवून.